दोघांनी मिळून सोडावे, दोघांनी मिळून वसावे

कुटुंब अभ्यास : नवविवाहितांसाठी
वाचन : उत्पत्ती २:२४, १३:५-१८, तोबित, अध्याय ७ ते १४, प्रेषितांची कृत्ये, अध्याय १८



खानदेशातून मुंबई, पुणे, सुरतकडे जाणारी वाट जुनी आहे. त्या वाटेने आपली अनेक मुले गेली व तिकडेच स्थिरावली. पण काही नवविवाहित जोडपी उलट दिशेने निघण्याचा विचार करतात. कोणाची बदली भुसावळच्या रेल्वेत, वरणगावच्या आयुध निर्माणीत किंवा दीपनगरच्या वीज केंद्रात होते. कोणाला जळगाव-धुळ्याच्या शाळेत, बँकेत, दवाखान्यात काम मिळते. कोणाला मुंबईतील एका खोलीचे भाडे व रोजचे चार तास लोकलमध्ये घालवणे नकोसे होते. कोणाच्या गावी वडिलांची शेती वाट पाहत असते.

अशी जोडपी येतात तेव्हा पहिले प्रश्न ठरलेले असतात. घर कोठे मिळेल? डिपॉझिट किती? नळाला पाणी कितव्या दिवशी येते? मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा राहायचे कसे? हे प्रश्न योग्यच आहेत व ते विचारलेच पाहिजेत. परंतु त्यांच्याही आधीचा एक प्रश्न आहे आणि तो सहसा कोणी विचारत नाही. हे शहर आपल्यापैकी नेमके कोण सोडत आहे? दोघे मिळून सोडत आहेत, की एक जण निघाला म्हणून दुसरा मागोमाग चालला आहे? नव्या घराचे सुख बरेचसे या उत्तरावर अवलंबून असते. आजच्या अभ्यासात आपण पवित्र शास्त्राच्या आधाराने त्याचाच विचार करू या.

१. सोडून जाणारा कोण?

आपल्याकडे लग्नात घर सोडते ती मुलगी. हे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की त्यात सांगण्यासारखे काही आहे असे आपल्याला वाटतही नाही. खानदेशात अखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा सण सासुरवाशिणींचा सण मानला जातो. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात आणि सण सरला की परत जातात. बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) असोद्याच्या. वयाच्या तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावला आल्या. असोदे जळगावपासून अगदी जवळ आहे. तरी माहेर आणि सासर यांतील अंतर कोसांनी मोजता येत नाही, हे येथील प्रत्येक बाईला ठाऊक आहे.

आता उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायातील चोविसावे वचन काळजीपूर्वक वाचा. तेथे आईबापांना सोडून जाणारा पुरुष आहे. तो आपल्या पत्नीला जडून राहतो आणि ती दोघे एकदेह होतात, असा त्याचा भाव आहे. प्रभू येशूने विवाहाविषयी बोलताना याच वचनाचा आधार घेतला (मत्तय १९). ज्या समाजात मुलगीच नवऱ्याच्या घरी जात असे, त्याच समाजात हे वचन सांगितले गेले, हे विशेष.

याचा अर्थ आईवडिलांना वाऱ्यावर सोडावे असा मुळीच नाही. चौथी आज्ञा तशीच उभी आहे. येथे सोडणे म्हणजे आपल्या मनातील पहिली जागा मोकळी करणे. पत्नीने आपले घर प्रत्यक्ष सोडले, तर पतीनेही मनाने काहीतरी सोडायला हवे.

शहर सोडून गावी येताना हे फार महत्त्वाचे ठरते. समजा, मुंबईत नोकरी करणारे एक जोडपे पतीच्या मूळ गावी, धुळे जिल्ह्यात राहायला आले. तो परत आला, ती मात्र दुसऱ्यांदा निघाली. त्याला आपली अहिराणी परत मिळाली, बालमित्र मिळाले, पारावरची जागा मिळाली. तिला काय मिळाले? तिची नोकरी गेली, मैत्रिणी गेल्या, रविवारी जिच्याबरोबर ती मिस्साला जात असे ती शेजारीण गेली, आणि नव्या घरात तिला ओळखणारा एकच माणूस उरला. तो संध्याकाळी उशिरा घरी येऊ लागला तर तिने कोणाशी बोलावे? अशा घरात भांडणाला मोठे कारण लागत नाही. कूलरमध्ये पाणी कोणी भरायचे एवढेही पुरते.

म्हणून आम्ही नवविवाहितांना सुचवू इच्छितो की, निघण्यापूर्वी दोघांनी एका कागदावर लिहून काढावे : हे शहर सोडताना मी काय गमावणार आहे? मग कागद एकमेकांना वाचून दाखवावा. एका कागदावर दहा ओळी आणि दुसऱ्यावर एकच ओळ असेल, तर निर्णय अजून दोघांचा झालेला नाही.

२. लोटाची नजर

उत्पत्तीच्या तेराव्या अध्यायात अब्राहाम आणि त्याचा पुतण्या लोट यांना वेगळे व्हावे लागते. गुरेढोरे वाढली, जागा अपुरी पडली, गुराख्यांत तंटे होऊ लागले. अब्राहाम वडीलधारा असूनही निवड पुतण्यावर सोडतो. लोट नजर वर करून पाहतो. यार्देनेचे खोरे त्याला पाण्याने भरलेले, बागेसारखे दिसते. तो तेच निवडतो आणि सदोमापर्यंत तंबू नेतो. तेथील माणसे कशी आहेत, याची चौकशी त्याने केल्याचे शास्त्र सांगत नाही.

शहराला कंटाळलेल्या माणसाची नजर लोटासारखी होण्याचा धोका असतो. गाडीच्या खिडकीतून रावेर-यावलच्या केळीच्या बागा पाहिल्या की वाटते, येथेच राहावे. पण ते हिरवेपण विहिरी व कूपनलिकांच्या पाण्यावर उभे आहे आणि ते पाणी दरवर्षी अधिक खोल जात आहे. थोडे पुढे पारोळा, शिंदखेडा भागात गेले की पावसाची वाट पाहणारी कोरडवाहू कपाशी दिसते. केळी उभी असताना आलेल्या एका वादळाने वर्षाचे उत्पन्न आडवे होते, हे शेतकऱ्याला विचारले की कळते, खिडकीतून कळत नाही.

तेव्हा 'शहराचा कंटाळा आला' हे निघण्याचे पुरेसे कारण नव्हे. अब्राहाम व सारा यांनी घर सोडले ते परमेश्वराने बोलावले म्हणून. आपल्यालाही कशासाठी जात आहोत हे सांगता आले पाहिजे : म्हाताऱ्या आईवडिलांसाठी, एखाद्या कामासाठी, मुलांना वेळ देता यावा म्हणून, किंवा आपल्या कमाईत कर्जाशिवाय जगता यावे म्हणून. कारण साधे असले तरी चालेल, पण ते दोघांचे असावे.

३. तोबिया आणि सारा

आपल्या कॅथलिक बायबलमधील तोबितचे पुस्तक नवविवाहितांनी एकत्र बसून वाचावे असे आहे. तोबिया निनवेहून दूर मेदी देशात जातो. वाटेत राफाएल देवदूत त्याचा सोबती होतो, पण तो देवदूत आहे हे त्याला ठाऊक नसते. एकबताना येथे रगुएलच्या घरी त्याचे सारेशी लग्न होते. साराने फार दुःख भोगलेले असते. तिचे सात नवरे लग्नाच्या रात्रीच मरण पावलेले असतात. या आठव्या रात्रीही बापाने भीतीने खड्डा खणून ठेवलेला असतो! अशा रात्री ती दोघे प्रथम उठून प्रार्थना करतात. नव्या घरातील पहिले काम कोणते, याचे उत्तर येथे आहे.

पुढचा भाग सहसा वाचला जात नाही. लग्नानंतर सारा आपले घर सोडून पतीबरोबर निनवेला येते. नुकतीच दृष्टी परत मिळालेला सासरा तोबित तिला सामोरा जायला स्वतः नगराच्या वेशीपर्यंत चालत जातो आणि तिला आशीर्वाद देऊन घरात आणतो. सुनेची वाट घरात बसून पाहायची नसते, चार पावले पुढे जायचे असते, हे या म्हाताऱ्याला समजले होते. आमच्या गावोगावच्या सासूसासऱ्यांनी हे अवश्य लक्षात घ्यावे.

आणि शेवटच्या अध्यायात काय होते? तोबित मरताना मुलाला सांगतो की, आईला माझ्याजवळ पुरल्यावर या नगरात राहू नकोस, निघून जा. निनवे हे मोठे शहर होते, पण अन्यायाने भरलेले होते. आईच्या मृत्यूनंतर तोबिया पत्नीला घेऊन शहर सोडतो आणि कोठे जातो? एकबतानाला, आपल्या सासऱ्याच्या घरी. तेथे तो सासूसासऱ्यांचा म्हातारपणी आदराने सांभाळ करतो व त्यांनाही मूठमाती देतो.

पहिल्या वेळी सारा निघाली, दुसऱ्या वेळी तोबिया निघाला. 'घरजावई' म्हणून हसणारे लोक तेव्हाही असतील. पवित्र शास्त्र मात्र ही गोष्ट सन्मानाने सांगते. नव्या गावाचा विचार करताना पत्नीचे माहेर, तिचे आईवडील, तिची नोकरी यांचाही नकाशात समावेश असावा. सोडण्याची पाळी नेहमी एकाचीच असू नये.

४. घराऐवजी रस्ता मागणारी

हे सर्व जुन्या काळचे झाले असे कोणी म्हणेल. म्हणून आपल्याच महाराष्ट्रातील एका दांपत्याकडे पाहू. खानदेशाच्या उत्तर सीमेवरील सातपुडा पूर्वेकडे जातो, तेथे अमरावती जिल्ह्यात मेळघाट आहे. त्यातील धारणी तालुक्यातील बैरागड या गावी डॉ. रवींद्र कोल्हे आदिवासींची सेवा करू लागले. लग्न करायचे ठरले तेव्हा त्यांनी आपल्या अटी आधीच सांगून टाकल्या : चाळीस किलोमीटर चालण्याची तयारी हवी, लग्न पाच रुपयांत नोंदणी पद्धतीने होईल, महिना चारशे रुपयांत घर चालवावे लागेल, आणि दुसऱ्यांसाठी भीक मागण्याचीही तयारी हवी. अनेक मुलींनी नकार दिला. नागपूरमध्ये स्वतःचा दवाखाना असलेल्या डॉ. स्मिता यांनी होकार दिला आणि त्या बैरागडला आल्या.

गावाने त्यांना लगेच आपले मानले नाही. त्यांचे पहिले बाळ जन्मल्यावर गंभीर आजारी पडले. त्याला शहरातील इस्पितळात न्यावे असा सल्ला मिळाला. गावातील इतर मुलांना जे उपचार मिळतात तेच माझ्या बाळाला मिळतील, असे ठरवून त्या तेथेच राहिल्या. बाळ वाचले. त्यानंतर गावाची नजर बदलली. पुढे सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मंत्र्यांनी त्यांचे साधे घर पाहिले आणि चांगले घर बांधून देऊ केले. स्मिताताईंनी घर नको म्हटले, त्याऐवजी गावासाठी रस्ते मागितले. २०१९ साली या दोघांना मिळून पद्मश्री जाहीर झाली.

प्रत्येक जोडप्याने असेच करावे असे आमचे म्हणणे नाही. आजारी बाळाला इस्पितळात नेणे हे आईबापांचे कर्तव्यच आहे; येथे आई स्वतः डॉक्टर होती. आपण त्यांच्याकडून दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, रवींद्र यांनी लग्नाआधी काहीही लपवले नाही. गावातील जीवन कसे असेल ते पैशाच्या आकड्यासह सांगितले, आणि होकार देणारीने डोळे उघडे ठेवून होकार दिला. दुसरी, नवे घर त्यांना मिळाले ते शेजाऱ्यांच्या सुखदुःखात उतरल्यावर.

५. फडाचे पाणी

शेजाराचे हे शहाणपण धुळे जिल्ह्याच्या मातीत मुरलेले आहे. पांझरा व तिच्या परिसरातील नद्यांवर काही शतकांपासून फड पद्धतीने शेतीला पाणी दिले जात आले आहे. नदीला दगडी बंधारा घालायचा, त्यातून पाट काढायचा आणि पाटाखालच्या जमिनीचे फड पाडायचे. एका फडात कोणते पीक घ्यायचे ते शेतकरी एकत्र बसून ठरवतात. पाणी सोडण्याचे काम पाटकरी करतो. मालकाने स्वतः बारे फोडून पाणी घ्यायचे नसते. एकाच शेतकऱ्याची जमीन वेगवेगळ्या फडांत असते, त्यामुळे वरच्याला शेवटच्याची काळजी करावीच लागते. पाणी कमी असेल त्या वर्षी सर्वांनीच कमी भिजवायचे. काळाच्या ओघात ही पद्धत बरीच मागे पडली, पण तिचा धडा जुना झालेला नाही.

शहरातील घरात आपण नळ उघडतो आणि शेजाऱ्याचे नावही माहीत नसताना वर्षे काढतो. लहान गावात तसे चालत नाही. येथे पाण्याच्या पाळीपासून मयताच्या खांद्यापर्यंत माणसाला माणूस लागतो. सुरुवातीला शेजारणीची चौकशी त्रासाची वाटेल : भाजी काय केली, पगार किती, पाळणा कधी हलणार? रागावू नये. तिच्या घरचे भरीत आले तर डबा रिकामा परत पाठवू नये. खानदेशात आपलेपणा बऱ्याच वेळा चुलीच्या वाटेने येतो.

संसारालाही हाच नियम लावता येईल. पैसा, विश्रांती, माहेरची भेट यांचे पाणी कमी असते तेव्हा ते दोघांनाही कमी मिळावे. एकाचे शेत भिजून दुसऱ्याचे सुकत असेल तर पीक आलेले दिसले तरी संसार पिकत नाही.

६. आपले घर, आपली ख्रिस्तसभा

प्रेषितांच्या कृत्यांतील अठराव्या अध्यायात एक दांपत्य भेटते, अक्विला आणि प्रिस्किल्ला. सम्राट क्लौद्याने यहुदी लोकांना रोम सोडण्याचा हुकूम दिला म्हणून ती दोघे करिंथ येथे आली. त्यांचा धंदा तंबू बनवण्याचा. संत पौलही तोच धंदा करणारा, म्हणून तो त्यांच्याकडे राहिला. पुढे ती दोघे इफिस येथे गेली. तेथे अपुल्लो नावाच्या विद्वानाला त्यांनी आपल्याकडे घेऊन श्रद्धेचा मार्ग अधिक नीट समजावला. इफिस येथे त्यांच्या घरात ख्रिस्तसभा भरत असे, आणि नंतर रोमला परतल्यावर तेथेही. नव्या करारात त्यांचा उल्लेख सहा वेळा येतो, आणि प्रत्येक वेळी दोघांची नावे जोडीने येतात. जी माणसे स्वतः दुसऱ्यांसाठी तंबू शिवत होती, त्यांचे घर गावोगावी प्रभूचे घर झाले.

खानदेशातील आपली स्थिती त्यांच्याशी जुळणारी आहे. वसईत किंवा मुंबईत चर्च हाकेच्या अंतरावर असते. येथे, १९८७ साली स्थापन झालेल्या आपल्या नाशिक धर्मप्रांतात, कॅथलिक कुटुंबे विखुरलेली आहेत आणि मिस्सासाठी काही कुटुंबांना दुसऱ्या गावी जावे लागते. नवे जोडपे आले, पहिल्या महिन्यात सामान लावण्यात रविवार गेला, दुसऱ्या महिन्यात उन्हामुळे गेला, आणि पाहता पाहता नाताळ व ईस्टरपुरतेच चर्च उरले, असे घडणे फार सोपे आहे. कोणी श्रद्धा टाकून देत नाही. ती बांधलेल्या खोक्यातून बाहेर काढायची राहून जाते.

या बाबतीत ख्रिस्तसभेचा कायदा काय सांगतो तेही माहीत असावे. १९८३ च्या कायदेसंहितेनुसार (कलम १०२) एखाद्या धर्मग्रामाच्या हद्दीत तुम्ही कायम राहण्याच्या इराद्याने आलात किंवा तेथे पाच वर्षे राहिलात, तर तुमचा निवास तेथे मानला जातो. निदान तीन महिने राहण्याचा इरादा असेल किंवा तीन महिने प्रत्यक्ष राहिला असाल, तरी अर्धनिवास मिळतो. त्या निवासामुळे तेथील धर्मगुरू तुमचे धर्मगुरू होतात. तेव्हा 'आम्ही भाड्याने राहतो, आमचे चर्च तिकडेच' असे म्हणण्याचे कारण नाही. तसेच कलम १०४ सांगते की पतिपत्नीचा निवास समाईक असावा. योग्य कारण असेल तरच तो वेगळा असू शकतो. नोकरीसाठी एक जण मुंबईत आणि एक जण येथे, अशी व्यवस्था काही काळ करावी लागते, हे आम्ही जाणतो. पण ती कधी संपवायची याची तारीख दोघांनी मिळून ठरवलेली असावी.

पोप फ्रान्सिस यांनी २०१६ सालच्या 'आमोरिस लेतित्सिया' या पत्रात लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत जोडप्याला साथ देण्याची जबाबदारी धर्मग्रामावर टाकली आहे. म्हणून हा अभ्यास जुन्या कुटुंबांसाठीही आहे. मिस्सानंतर दाराशी एखादे अनोळखी जोडपे उभे दिसले, तर तोबितसारखे चार पावले पुढे जा. त्यांना जेवायला बोलवा. सोबती म्हणून आलेला राफाएल कोणाच्या रूपाने भेटेल, ते सांगता येत नाही.

७. काही व्यवहाराच्या गोष्टी

(१) निघताना दोघांच्या स्नानसंस्काराचे व विवाहाचे दाखले बरोबर घ्या. विवाहाची नोंद स्नानसंस्काराच्या नोंदवहीत झाली आहे ना, याची खात्री करा. नव्या गावी पहिल्याच महिन्यात धर्मगुरूंना भेटून नाव नोंदवा.

(२) भाड्याचे घर घेताना लेखी करार करा व त्याची नोंदणी करा. महाराष्ट्रात तशी नोंदणी कायद्याने आवश्यक आहे.

(३) घर किंवा जमीन विकत घेण्याची घाई करू नका. खानदेशात सालदाराचे साल अखाजीला सुरू होते व पुढच्या अखाजीला संपते. तुम्हीही एक साल, म्हणजे एक उन्हाळा, एक पावसाळा व एक हिवाळा, भाड्याच्या घरात काढून पाहा.

(४) आपल्या राज्यात शेतजमीन सहसा शेतकरी असलेल्यालाच घेता येते. आदिवासींच्या जमिनीचे व्यवहार कायद्याने नियंत्रित आहेत व परवानगीशिवाय ती इतरांना घेता येत नाही. सातबारा, आठ-अ व फेरफार स्वतः पाहा. स्वस्तात मिळते म्हणून कोणा गरिबाच्या हक्काच्या जमिनीवर आपल्या घराचा पाया घालू नका.

(५) सामान लागण्यापूर्वी क्रूस भिंतीवर लावा. घराला आशीर्वाद देण्यासाठी धर्मगुरूंना बोलवा आणि त्या दिवशी शेजाऱ्यांनाही बोलवा, मग ते कोणत्याही धर्माचे असोत.

(६) मिस्साला जाणे शक्य नसेल त्या रविवारी दोघांनी मिळून त्या दिवसाची वाचने वाचा. जवळ दुसरे कुटुंब असेल तर त्यांच्याबरोबर वाचा.

चिंतनासाठी प्रश्न

(१) आमच्या लग्नात आतापर्यंत कोणी काय सोडले? त्याबद्दल आम्ही एकमेकांचे आभार मानले आहेत का?
(२) आम्ही शहरापासून पळत आहोत, की कशासाठी तरी जात आहोत?
(३) पत्नीच्या आईवडिलांच्या म्हातारपणाचा विचार आमच्या बेतात आहे का?
(४) आमच्या धर्मग्रामात गेल्या वर्षभरात नव्याने आलेल्या एका तरी कुटुंबाच्या घरी आम्ही गेलो का?

प्रार्थना

हे प्रभो, बेथलेहेमात तुझ्या आईला व संत योसेफाला राहायला जागा मिळाली नाही. ती दोघे मिसरला गेली, परत आली आणि नासरेथला स्थिरावली. घर शोधणाऱ्यांचे मन तुला कळते. आमच्या नवविवाहितांच्या सोबत चाल. त्यांनी जे सोडले त्याचे दुःख हलके कर. जेथे ती वसतील तेथे त्यांना चांगले शेजारी मिळोत आणि ती दोघेही चांगले शेजारी होवोत. त्यांच्या घराचे दार तुझ्यासाठी व गरिबांसाठी उघडे राहो. आमेन.